ब्रिटिश बालकॉमिक्सची ॲन्युअल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी कधीतरी जाड पुठ्ठ्याचे, भडक रंगांचे आणि मुखपृष्ठावर खोडकर पोरांची चित्रे असलेले मोठ्या आकाराचे पुस्तक हाती लागते, आणि ते चाळताना मनात अनेक प्रश्न उभे राहतात. त्यांपैकी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

ॲन्युअल म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये मुलांची कॉमिक्स प्रामुख्याने साप्ताहिक स्वरूपात निघत आली. पातळ, स्वस्त कागदावर छापलेला अंक दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या वृत्तपत्रविक्रेत्याकडे मिळायचा. त्याच कॉमिकचे, त्याच पात्रांचे, पण सर्वस्वी नव्या मजकुराचे आणि पुठ्ठाबांधणीचे जे पुस्तक वर्षातून एकदा नाताळाच्या आधी निघते, त्याला ॲन्युअल म्हणतात. जुन्या अंकांचे संकलन असा त्याचा समज करून घेणे चुकीचे ठरेल, कारण ‘बीनो’ किंवा ‘डँडी’ या गाजलेल्या साप्ताहिक कॉमिक्सच्या ॲन्युअलमधील गोष्टी मुख्यतः त्या पुस्तकासाठीच रचलेल्या आणि चितारलेल्या असत. आकार साधारणपणे मोठ्या वहीएवढा आणि पाने शंभराच्या आसपास. चित्रकथांच्या जोडीला कोडी, खेळ आणि कधी शब्दांतून सांगितलेल्या गोष्टी असे त्याचे स्वरूप असते.

ते एका वर्षी निघते आणि त्यावर साल पुढच्या वर्षाचे असते, असे का?

याचे कारण पूर्णतः व्यापारी आहे. उन्हाळा सरता सरता ही पुस्तके दुकानांत येऊ लागतात आणि त्यांची खरी विक्री डिसेंबरमध्ये होते. मुलाच्या हाती ते २५ डिसेंबरला पडते आणि आठवडाभरात वर्ष बदलते. चालू वर्षाचे साल छापले असते तर पुस्तक हाती पडताच जुने वाटू लागले असते. उरलेल्या प्रती जानेवारीत निम्म्या किमतीला विकल्या जातात, ही ब्रिटिश दुकानांची जुनी रीत आहे. ‘बीनो बुक’वर, म्हणजे बीनोच्या ॲन्युअलवर, मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सालच छापले जात नसे. त्यामुळे त्याआधीची पुस्तके जाणकार मुखपृष्ठावरच्या चित्रावरून ओळखतात.

ही परंपरा कधीपासूनची आहे?

नाताळात भेट देण्यासाठी खास वार्षिक पुस्तक काढण्याची कल्पना कॉमिक्सपेक्षा बरीच जुनी आहे. लंडनचे प्रकाशक रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८२२ मध्ये ‘फर्गेट मी नॉट’ नावाचे वार्षिक काढले. ते प्रौढांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी होते आणि त्यात कविता व कोरीव चित्रे असत. पुढे मुलांच्या नियतकालिकांनी हीच वाट धरली. ‘चॅटरबॉक्स’ १८६६ मध्ये आणि ‘बॉइज ओन पेपर’ १८७९ मध्ये सुरू झाले. ‘बॉइज ओन पेपर’चे वर्षभराचे अंक एकत्र बांधून जाडजूड वार्षिक ग्रंथ विकला जाई.

आज आपण ज्याला कॉमिक ॲन्युअल म्हणतो त्याचा सुवर्णकाळ १९३० च्या दशकात सुरू झाला. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने ४ डिसेंबर १९३७ रोजी ‘द डँडी’ आणि ३० जुलै १९३८ रोजी ‘द बीनो’ ही साप्ताहिके बाजारात आणली. ‘डँडी मॉन्स्टर कॉमिक’ या नावाने डँडीचे पहिले ॲन्युअल १९३८ च्या नाताळासाठी आणि बीनोचे पहिले त्याच्या पुढच्या वर्षी आले. (बंगालातून येणाऱ्या तागावर ज्या शहराच्या गिरण्या चालत, तेच हे डंडी.)

मुलाला साप्ताहिक दर आठवड्याला मिळतच होते, मग ॲन्युअलचे एवढे अप्रूप का?

या सगळ्या विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

साप्ताहिक कॉमिक हे वाचून टाकून देण्यासाठीच छापलेले असते. मूल ते खाऊच्या पैशांतून स्वतः विकत घेते, शाळेच्या वाटेवर वाचते, मित्राशी अदलाबदल करते आणि महिनाभरात ते रद्दीत जाते. ॲन्युअलची घडणच याच्या उलट आहे. ते मूल विकत घेत नाही. आजी, मामा, आत्या किंवा शेजारच्या काकू ते विकत घेतात, रंगीत कागदात गुंडाळतात आणि पहिल्या पानावर ‘हे पुस्तक अमुक अमुक याचे आहे’ असे लिहिण्यासाठी आखलेल्या चौकटीत मुलाचे नाव घालून त्याच्या हाती देतात. अनेक मुलांसाठी, विशेषतः कामगारवर्गातील घरांमध्ये, स्वतःच्या मालकीचे असे ते पहिले पुठ्ठाबांधणीचे पुस्तक असे. ज्या घरात इतर पुस्तके फारशी नव्हती, त्या घरात दर नाताळाला एक याप्रमाणे ॲन्युअल्सची रांग वाढत जाई आणि ती धाकट्या भावंडांकडे वारशाने जाई.

पुन्हा पुन्हा वाचण्याची सोय हेही एक मोठे कारण आहे. साहसकथांच्या साप्ताहिकात गोष्ट ‘पुढील अंकी’ म्हणून तुटत असे. ॲन्युअलमध्ये प्रत्येक गोष्ट जागच्या जागी पूर्ण होते. म्हणून आजारपणात अंथरुणावर पडल्यापडल्या किंवा पावसाने घरात कोंडलेल्या रविवारी ते कोणत्याही पानावर उघडता येते. ज्यांचे बालपण या पुस्तकांबरोबर गेले ते लोक गोष्टींपेक्षाही विशिष्ट पाने सांगतात : अमक्या साली बीनोमधल्या खोडकर डेनिसने काय केले होते, कुठल्या पानावर बॅश स्ट्रीटच्या शाळेची आख्खी इमारत आडवी चितारली होती. माझ्या मते ही स्मृती वारंवार चाळण्यातून घडते आणि साप्ताहिकाला ती घडवण्याइतका अवधीच मिळत नाही.

शिवाय ॲन्युअल दिसायलाही निराळे असे. १९५० च्या दशकातील ‘बीनो बुक’ची पाने पाहावीत. साप्ताहिकाची आतली पाने बहुतांशी एकरंगी असत, तर पुस्तकात काळ्या रेषेला लाल किंवा निळ्या रंगाची जोड दिलेली असे आणि निवडक पाने पूर्ण रंगीत असत. कागद जाड, किंचित खरखरीत आणि फुगीर असल्याने पुस्तक प्रत्यक्षापेक्षा भारदस्त वाटे. मुलाच्या हाताला हा फरक डोळ्यांच्या आधी कळतो.

बीनो आणि डँडी यांची पात्रे कोणती?

डँडीचा मानबिंदू म्हणजे डेस्परेट डॅन. हा अमेरिकी पश्चिमेकडचा अफाट ताकदीचा गडी शिंगांसकट आख्खी गाय घातलेला ‘काऊ पाय’ (कणकेच्या पारीत भाजलेला मांसाचा पदार्थ) खातो, आणि त्याच्या गावात मात्र ब्रिटिश टपालपेट्या आणि दिव्याचे खांब दिसतात. बीनोमध्ये १९५१ पासून डेनिस द मेनिस, १९५३ पासून मिनी द मिंक्स आणि रॉजर द डॉजर, १९५४ पासून बॅश स्ट्रीटची मुले आली. युद्धानंतरच्या, शिस्तीने आणि शिधापत्रिकेने करकचलेल्या ब्रिटनमध्ये मोठ्यांना न जुमानणारी ही पात्रे मुलांना किती आपली वाटली असतील, याची कल्पना करता येते. १९५० मध्ये बीनोचा खप जवळपास २० लाखांवर गेला होता. डंडी शहराच्या मध्यवस्तीत आज डेस्परेट डॅन आणि मिनी यांचे पुतळे उभे आहेत.

रूपर्टचे ॲन्युअल इतरांपेक्षा वेगळे का मानले जाते?

रूपर्ट हे पिवळी चौकडीची विजार आणि लाल स्वेटर घालणारे अस्वलाचे पिल्लू मेरी टूर्टेल या चित्रकर्तीने ८ नोव्हेंबर १९२० रोजी ‘डेली एक्सप्रेस’ या वृत्तपत्रात प्रथम आणले. दृष्टी अधू झाल्यामुळे १९३५ मध्ये त्यांनी काम सोडले आणि ते आल्फ्रेड बेस्टल यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी पहिले रूपर्ट ॲन्युअल निघाले आणि तेव्हापासून आजतागायत त्यात एकदाही खंड पडलेला नाही. महायुद्धात कागदाची टंचाई असतानाही ते निघत राहिले, मात्र पुठ्ठ्याऐवजी कागदी वेष्टनात. बेस्टल यांचा जन्म मंडालेचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातला.

रूपर्टच्या एखाद्या पानाची मांडणी नीट पाहिली की त्याचे यश उलगडते. वर गोष्टीचा मथळा असतो, त्याखाली चार चित्रे. प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचे यमकबद्ध पद्य आणि पानाच्या तळाशी दोन स्तंभांत तीच गोष्ट सविस्तर गद्यात दिलेली असते. अक्षरओळख नसलेले मूल केवळ चित्रे पाहून गोष्ट समजून घेते; नुकते वाचू लागलेले मूल दोन ओळींच्या पद्याशी थांबते; त्याहून मोठे मूल गद्य वाचते; आणि रात्री झोपवताना आई किंवा वडील आपल्याला हवे ते मोठ्याने वाचून दाखवतात. चौथ्या वर्षी मिळालेले पुस्तक नवव्या वर्षीही नवे वाटते, याचे श्रेय या मांडणीला द्यावे लागेल. बालसाहित्यातील पानाच्या रचनेचा इतका विचारपूर्वक केलेला दुसरा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

पुस्तकाच्या आतल्या वेष्टनपानांवर बेस्टल दोन पानभर पसरलेली निसर्गदृश्ये रंगवीत. वेल्समधील बेडगेलर्टच्या डोंगराळ परिसरावर त्यांचे प्रेम होते, तिथे त्यांचे एक छोटेसे घरही होते, आणि ते डोंगर या दृश्यांत वारंवार उमटतात. कागदाला घड्या घालून पक्षी किंवा होडी करण्याच्या कृतीही ते पुस्तकात देत. नुसत्या पाण्याने ओला केलेला कुंचला फिरवताच रंग उमटवणारी ‘जादूची’ पानेही या पुस्तकांत असत आणि मुलांना ती फार प्रिय होती.

ॲन्युअल्स फक्त विनोदी कॉमिक्सचीच निघत का?

नाही. मार्कस मॉरिस या धर्मोपदेशकाने अमेरिकेतून येणाऱ्या हिंसक भयकथांच्या कॉमिक्सना पर्याय म्हणून १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यातली फ्रँक हॅम्पसन यांची अवकाशवीर डॅन डेअरची रंगीत चित्रकथा ब्रिटिश कॉमिक्सच्या इतिहासातील एक शिखर मानली जाते. ‘ईगल’च्या ॲन्युअलमध्ये चित्रकथांच्या बरोबरीने विज्ञान, खेळ, निसर्ग यांवरील लेख आणि यंत्रे आतून उकलून दाखवणारी चित्रे असत.

मुलींसाठी ‘गर्ल’, ‘बंटी’, ‘जॅकी’ यांची ॲन्युअल्स निघाली. ‘बंटी’मधील वसतिगृहात राहणाऱ्या चार मेरींची मालिका कित्येक दशके चालली आणि साप्ताहिक २००१ मध्ये बंद झाल्यावरही बंटीचे ॲन्युअल काही वर्षे येत राहिले. संग्राहकांच्या चर्चेत मुलींच्या या पुस्तकांना मिळायला हवे तेवढे स्थान मिळत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण त्यांतले कथानक अनेकदा मुलग्यांच्या कॉमिक्सपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आणि धीट असे.

दूरचित्रवाणीवरच्या मालिकांची ॲन्युअल्स हा आणखी एक प्रकार. मँचेस्टरच्या वर्ल्ड डिस्ट्रिब्युटर्स या संस्थेने १९६५ मध्ये ‘डॉक्टर हू’चे पहिले ॲन्युअल काढले. अशा पुस्तकांचा दर्जा कमीअधिक असे. मूळ मालिकेशी त्यांचे नाते कित्येकदा मुखपृष्ठावरच्या छायाचित्रापुरतेच उरे.

साप्ताहिक बंद पडले तरी त्याचे ॲन्युअल कसे काय चालू राहते?

‘कॉर!!’ हे साप्ताहिक १९७४ मध्ये ‘बस्टर’ या दुसऱ्या साप्ताहिकात विलीन झाले, पण त्याचे ॲन्युअल १९८० च्या दशकातही निघत होते. ‘डँडी’चे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. एके काळी लाखोंनी खपणाऱ्या या साप्ताहिकाचा खप शेवटी ८ हजारांहूनही खाली आला आणि ४ डिसेंबर २०१२ रोजी, बरोबर पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्याचा छापील अंक बंद झाला. ‘डँडी ॲन्युअल’ मात्र त्यानंतरही दरवर्षी निघत आहे.

खरेदी कोण करतो, हे पाहिले की याचा उलगडा होतो. साप्ताहिक टिकवायचे तर मुलाने ते आठवड्याच्या आठवड्याला मागावे लागते आणि त्याची जागा आता पडद्यावरच्या खेळांनी घेतली आहे. ॲन्युअल टिकायला वर्षातून एकदा एखाद्या मोठ्या माणसाला ‘मुलाला काय द्यावे’ हा प्रश्न पडणे पुरेसे असते. ज्या आजोबांना लहानपणी डेस्परेट डॅन भेटला होता, ते दुकानात त्याचा चेहरा पाहून थांबतात. अनेकदा तर ते पुस्तक ते स्वतःसाठीच घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही.

चित्रकारांची नावे पुस्तकात का दिसत नाहीत?

डी. सी. थॉमसनच्या प्रकाशनांत चित्रकारांना सही करू न देण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. डेस्परेट डॅन आणि बीनोमधला लॉर्ड स्नूटी चितारणारे डडली वॉटकिन्स हे सही करण्याची मुभा मिळालेले मोठे अपवाद. १९६९ मध्ये चित्रफलकासमोर काम करत असतानाच त्यांचे निधन झाले. मिनी आणि बॅश स्ट्रीटच्या मुलांचे जनक लिओ बॅक्सेंडेल यांनी आपल्या पात्रांवरील हक्कांसाठी कंपनीविरुद्ध प्रदीर्घ न्यायालयीन लढा दिला आणि तो १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला. कोट्यवधी मुलांना हसवणाऱ्या हातांची नावे त्या मुलांना कधी कळलीच नाहीत, हा या परंपरेतला मोठा अन्याय आहे. आज अभ्यासक रेषेच्या वळणावरून जुनी पाने ओळखून त्या चित्रकारांची नावे पुन्हा नोंदवत आहेत आणि ते काम अत्यंत मोलाचे आहे.

‘ऊर वुली’ आणि ‘द ब्रून्स’ ही पुस्तके एक वर्षाआड कशी निघत?

या दोन्ही चित्रमालिका ८ मार्च १९३६ पासून ‘संडे पोस्ट’ या स्कॉटिश रविवारच्या पत्रात येऊ लागल्या आणि दोन्ही वॉटकिन्सच चितारत. १९३९ मध्ये ब्रून्स कुटुंबाचे आणि १९४० मध्ये उलट्या बादलीवर बसणाऱ्या वुलीचे पुस्तक निघाले. त्यानंतर, युद्धकाळातील खंड वगळता, एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरे असा क्रम अनेक दशके पाळला गेला. संवाद स्कॉटिश बोलीत असल्यामुळे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे स्थायिक झालेल्या स्कॉटिश लोकांना गावाकडची माणसे ही पुस्तके नाताळाला टपालाने पाठवीत.

ही पुस्तके म्हणजे ब्रिटिशांचे दिवाळी अंकच म्हणायचे का?

सणाशी जोडलेली खरेदी, वर्षभराची प्रतीक्षा आणि मग घराघरातून फिरणारे वाचन या बाबतींत साम्य निश्चित आहे. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून मराठी घरांना ही ओढ चांगली ठाऊक आहे. परंतु दिवाळी अंक मुख्यतः प्रौढ वाचकाचा असतो आणि त्यात नव्या लेखकांची, नव्या विचारांची भेट अपेक्षित असते. ॲन्युअल हे मुलाचे असते आणि त्यात नेमकी ओळखीचीच माणसे भेटायला हवी असतात.

जुन्या ॲन्युअल्समधील वंशभेदी चित्रणाकडे कसे पाहावे?

स्पष्टपणे पाहावे. बीनोच्या सुरुवातीच्या अंकांच्या शीर्षपट्टीवर ‘पीनट’ नावाच्या कृष्णवर्णीय मुलाचे विटंबनात्मक चित्र असे, आणि जुन्या रूपर्ट पुस्तकांतही आफ्रिकी माणसांचे असेच विकृत चित्रण सापडते. शालेय कथांच्या ‘हॉलिडे ॲन्युअल’मध्ये हरी जमसेट राम सिंग हा भारतीय नवाब मोडक्यातोडक्या, अलंकारिक इंग्रजीत बोलतो; तो शूर आणि प्रामाणिक दाखवला आहे हे खरे, पण त्याच्या बोलण्याची थट्टा हाच त्याचा मुख्य उपयोग आहे. मुलाच्या हाती असे पुस्तक देण्यापूर्वी मोठ्यांनी ते चाळावे आणि अशी पाने आली तर त्यांविषयी मुलाशी बोलावे. अभ्यासासाठी मात्र ही पाने जशीच्या तशी जपली पाहिजेत.

जुने ॲन्युअल विकत घेताना काय तपासावे?

सर्वप्रथम पाठकणा पाहावा, कारण तिथला कागद सर्वांत आधी सुटतो. मग किंमत छापलेला कोपरा जागेवर आहे का ते पाहावे. भेट देणारे लोक किंमत दिसू नये म्हणून तो कातरून टाकत आणि त्यामुळे संग्राहकांच्या लेखी मोल घटते. कोडी पेन्सिलीने सोडवलेली आहेत का, चित्रे रंगवलेली आहेत का, कापून काढण्याची पाने शिल्लक आहेत का, हे पान पान उलटून तपासावे. रूपर्टच्या जादूच्या पानांवर पाणी फिरलेले नसेल तर प्रत बरीच महाग विकली जाते.

सर्वांत दुर्मीळ मानल्या जाणाऱ्या प्रतींत १९७३ च्या रूपर्टचा समावेश होतो. बेस्टल यांनी मुखपृष्ठावर रूपर्टचा चेहरा नेहमीप्रमाणे तपकिरी रंगवला होता. मोजक्या प्रती छापून झाल्यावर तो त्यांना न विचारता पांढरा करण्यात आला. तपकिरी चेहऱ्याच्या त्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत आणि बेस्टल यांनी त्यानंतर मुखपृष्ठ केले नाही. सामान्य वाचकाने मात्र किमतींच्या मागे लागू नये. १९७० आणि १९८० च्या दशकांतील बहुतेक ॲन्युअल्स लाखोंच्या संख्येने छापली गेल्यामुळे आजही अगदी स्वस्तात मिळतात, आणि पहिल्या रूपर्टसारख्या दुर्मीळ पुस्तकांच्या हुबेहूब पुनर्मुद्रित प्रती निघालेल्या आहेत.

पहिलेच ॲन्युअल घ्यायचे असेल तर कोणते घ्यावे?

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी बेस्टल यांच्या काळातील एखादे रूपर्ट शोधावे आणि ते मोठ्याने वाचून दाखवावे. आठ वर्षांपुढील मुलाला चालू वर्षाचे बीनो ॲन्युअल द्यावे, कारण त्यातली पात्रे जुनी असली तरी त्यांच्या हाती आजचे फोन आणि आजच्या खोड्या आहेत. स्वतःसाठी घ्यायचे असेल तर १९५० च्या दशकातील ‘ईगल’ किंवा ‘बीनो बुक’ निवडावे, आणि शक्य असल्यास ज्यात पहिल्या मालकाचे नाव लिहिलेले आहे अशी प्रत घ्यावी. संग्राहक ती दुय्यम मानत असल्यामुळे ती स्वस्तही पडते.